तीन डॉक्टर, तीन नावं

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ५७ वर्षांची आहे, दोन महिन्यांनी निवृत्त होतेय. गेल्या दीड वर्षात मी चौदा किलो वजन उतरवलं. साखर आटोक्यात आली, गुडघे कुरकुरायचे थांबले, सगळं छान झालं. फक्त चेहरा गेला. गालफडं बसली, कानशिलांपाशी खळगे पडले, जबड्याची कड ओघळली. रोज कुणीतरी विचारतंच, ‘बरं नाही का?’

पाच वर्षांपूर्वी नाकाच्या बाजूच्या घड्यांमध्ये एक फिलर भरून घेतलं होतं. काय होतं ते आठवत नाही, कागदही नाही. आता तीन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी स्कल्प्ट्रा सांगितलं, दुसऱ्यांनी रेडिएस, तिसऱ्यांनी एलान्से. तिघंही म्हणाले, हे नेहमीचं फिलर नाही, यानं तुमचंच कोलॅजेन तयार होतं, अगदी नैसर्गिक. मग नावं तीन का? सगळ्यात चांगलं कोणतं? निरोप समारंभापर्यंत चेहरा भरेल का? हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. घरात कुणाला कळू द्यायचं नाही.

ता. क. मैत्रीण म्हणते, सुई नसलेलं पेन मिळतं, त्यानं घरच्या घरी करता येतं. खरं का?

— उतरलेला चेहरा

उत्तर

ताई, नमस्कार.

‘बरं नाही का?’ इथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या तीन नावांपैकी पहिलं नाव याच प्रश्नापायी पुढे आलं. नव्वदच्या दशकात एचआयव्हीवर नवी औषधं आली आणि माणसं जगायला लागली. पण त्यातल्या काही औषधांनी गालांवरची चरबी झडायची. गालफडं इतकी आत जायची की अनोळखी माणसालाही चेहऱ्यावरून आजार कळावा. रक्ताचे रिपोर्ट उत्तम, आणि माणूस घराबाहेर पडायला कचरतोय, अशी अवस्था. त्या गालांसाठी पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड वापरायला लागले. युरोपात ते १९९९ साली न्यू-फिल म्हणून आलं. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००४ साली त्याला स्कल्प्ट्रा या नावाने परवानगी दिली, तीही एचआयव्हीमुळे बसलेल्या गालांपुरतीच. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्यांसाठी, म्हणजे निव्वळ दिसण्यासाठी, परवानगी मिळाली ती २००९ मध्ये. तब्येत सुधारली आणि चेहरा मात्र आजारी दिसतो, ही तुमची तक्रार अशी जुनी आहे. ‘या वयात कशाला ही हौस’ म्हणणाऱ्यांना मनातल्या मनात एवढं उत्तर पुरे.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे येते. रुग्णाला हा शब्द वापरून सुई घ्यायला तयार करणारे सहकारी पाहिले की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि ती घालवायला कुठलंही फिलर पुरत नाही. घडतं ते असं. सुईतून आत जातात ते अतिशय बारीक कण, साधारण २५ ते ६० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शरीराला ते परके. त्यांना गिळून टाकायला भक्षक पेशी धावत येतात, पण कण मुद्दामच इतके मोठे ठेवलेले असतात की घास तोंडात मावत नाही. मग कणांभोवती वेढा पडतो, फायब्रोब्लास्ट नावाच्या विणकर पेशींना बोलावणं जातं, आणि त्या कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, विणायला बसतात. आधी घाईघाईचं, कच्चं विणकाम, ते तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन. पुढच्या महिन्यांत त्याची जागा पहिल्या प्रकारचं, घट्ट कोलॅजेन घेतं. तरुण कातडीत मुख्यतः असतं ते हेच. थोडक्यात, जखम भरून येताना जे होतं त्याचाच हा सौम्य आणि मुद्दाम लावून दिलेला प्रकार. कोलॅजेन तुमचं, हे तिघांचंही म्हणणं खरं आहे. पण ते शरीराला डिवचून मिळवलेलं आहे, आणि किती डिवचलं की किती विणलं जाईल याचं गणित कुणाकडेच पक्कं नाही. एकच औषध, एकच हात, दोन सख्ख्या बहिणी, आणि परिणाम वेगळे, हे मी पाहिलंय.

नेहमीचं फिलर म्हणजे हायल्युरोनिक ॲसिडचा जेल. तो जागा भरतो आणि बसून राहतो. जास्त झाला, चुकीच्या जागी गेला, किंवा नुसता आवडला नाही, तरी हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की विरघळतो. तुमच्या तिन्ही नावांना असा उतारा नाही. एकदा आत गेलं की त्याची मुदत संपेपर्यंत ते तुमचं. म्हणून ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ याच्या आधी मी तुम्हाला दुसरं विचारते: मनासारखं झालं नाही, तर त्या चेहऱ्यासोबत किती दिवस काढायची तुमची तयारी आहे? तिन्हींमधला खरा फरक या उत्तरावर ठरतो.

स्कल्प्ट्रा. हे कुपीत भुकटीच्या रूपात येतं. डॉक्टर त्यात निर्जंतुक पाणी घालून कालवतात, वर थोडं भुलीचं औषध. पॉली-लॅक्टिक ॲसिडच्या कुळातलेच धागे शस्त्रक्रियेत विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात, तेव्हा पदार्थ ओळखीचा आहे. टोचल्यावर त्याच दिवशी गाल भरल्यासारखे वाटतात. आरशात बघून खूश होऊ नका, ते पाणी आहे. आठवड्याभरात उतरतं आणि गाल पुन्हा होते तसे. इथे निम्मी माणसं हिरमुसतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि दिसायला दोन-तीन महिने लागतात. एका बैठकीत भागत नाही. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन, क्वचित चार बैठका. टिकतं मात्र दोन वर्षांच्या घरात. वयाच्या दर दहा वर्षांमागे एक कुपी, असा एक ठोकताळा या धंद्यात फिरतो. तुमच्या हिशेबाने पाच-सहा कुप्या झाल्या. कुणी पहिल्याच भेटीत एवढ्या कुप्यांचा आकडा मांडला तर खुर्चीतून उठा. किती लागतील ते पहिल्या बैठकीनंतर तुमचे गाल सांगतात, तुमची जन्मतारीख नाही.

या औषधानं मला एकदा चांगलं तोंडघशी पाडलंय, तेही सांगून टाकते. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही ही भुकटी जेमतेम पाच मिलि पाण्यात कालवायचो, कुणी कुणी त्याहून कमी. मिश्रण दाट व्हायचं. एका बाईंना मी ते गालाच्या वरच्या भागात, डोळ्यांच्या जरा जास्तच जवळ दिलं. चार महिन्यांनी त्या आल्या आणि काही न बोलता माझं बोट धरून आपल्या गालावर ठेवलं. कातडीखाली टाचणीच्या डोक्याहून थोड्या मोठ्या दोन गाठी. उजेडात तिरकं पाहिलं की डोळ्यांनाही दिसायच्या. विरघळवायला हातात काही नाही. जपून स्टिरॉइडची इंजेक्शनं, मालीश, आणि वाट बघणं. त्या गाठी जायला वर्ष लागलं, आणि ते वर्षभर दर भेटीत मी त्यांच्या गालाकडे आधी आणि चेहऱ्याकडे नंतर पाहायची. आता मिश्रण बरंच पातळ करतात, आठ मिलि पाणी आणि वर एक मिलि भूल, औषध खोलवर देतात, आणि डोळ्यांच्या व ओठांच्या भोवती देत नाहीत. त्यामुळे गाठी पुष्कळ कमी झाल्या आहेत. पूर्ण थांबल्या नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारा: किती पाण्यात कालवता? प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना समोरचा अडखळला तर बरंच कळतं.

घरी गेल्यावर मालीश असते. दिवसातून ५ वेळा, ५ मिनिटं, ५ दिवस, असा पाठ बहुतेक ठिकाणी देतात. घरात कुणाला कळू न देता दिवसातून पाच वेळा गाल चोळत बसणं तुम्हाला कसं जमणार, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते. गुपिताचा विषय पुढे येणारच आहे.

रेडिएस. यात कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटचे गोल कण असतात. आपल्या हाडांतलं आणि दातांतलं मुख्य खनिज याच जातीचं. ३० टक्के कण आणि ७० टक्के जेल, सिरिंजमध्ये तयारच भरलेलं. स्कल्प्ट्रापेक्षा मोठा फरक हा, की जेलमुळे भराव त्याच दिवशी दिसतो आणि टिकतो. दोन-तीन महिन्यांत जेल शरीरात जिरतो, तोवर कणांभोवती कोलॅजेन जमू लागलेलं असतं. सगळं जमून आलं तर एकाची जागा दुसऱ्याने कधी घेतली ते कळतही नाही. परिणाम साधारण वर्षभर, कुणाला दीड वर्ष. एफडीएने २००६ साली घड्यांसाठी आणि एचआयव्हीच्या गालांसाठी मंजूर केलं, २०१५ मध्ये हातांच्या पाठीसाठी, आणि नंतर जबड्याच्या कडेसाठीही. हे जरा कडक असतं, म्हणून जिथे आकार रेखीव हवा तिथे शोभतं: जबड्याची कड, हनुवटी, गालाचं हाड. ओठांत आणि डोळ्यांखाली कधीही नाही. तिथे पांढरट गाठी उमटतात. एक बारीकशी पण उपयोगाची गोष्ट अशी की हे कण सीटी स्कॅनमध्ये दिसतात. पुढे कधी डोक्याचा किंवा दातांचा स्कॅन करायची वेळ आली तर आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट वाचणारा डॉक्टर बुचकळ्यात पडेल.

रेडिएस खूप पातळ करून गळ्याच्या किंवा गालांच्या सैल कातडीखाली पसरूनही देतात. त्यात भराव जवळजवळ नसतोच, नुसती कातडीतल्या विणकामाला सुरुवात. जबड्याची कड ओघळल्याचं तुम्ही लिहिलंत. ती कातडी सैल होऊन ओघळलीय, की गालांतला आधार गेल्यामुळे खाली आलीय, हे समोर बसवून पाहिल्याशिवाय ठरत नाही. दुसरं असेल तर गाल भरले की कडही थोडी वर येते. पहिलं असेल तर पातळ रेडिएसने थोडं साधेल, आणि फारच ओघळलं असेल तर यातल्या कशानेही नाही. तो शस्त्रक्रियेचा प्रांत. ओघळलेली कातडी भराव घालघालून वर खेचायला गेलं की चेहरा फुगतो. फुगलेले आणि तरीही ओघळलेले चेहरे तुम्ही पडद्यावर पाहिले असतीलच.

एलान्से. यात पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे कण, रेडिएससारखेच जेलमध्ये. प्रमाणही तसंच ३०-७०. म्हणजे हेही लगेच दिसतं. युरोपात याला २००९ पासून मान्यता आहे, अमेरिकेच्या एफडीएची मात्र नाही. याच्या एस, एम, एल आणि ई अशा आवृत्त्या, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्या अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार वर्षं टिकतात. पॉलिमरची, म्हणजे कणांतल्या पदार्थाच्या रेणूंची, साखळी जितकी लांब तितकं तुटायला जास्त वेळ, असं त्यामागचं रसायन, आणि ते खरंच चतुराईचं आहे. पण ‘चार वर्षं टिकतं’ हे जाहिरातीत जितकं गोड वाटतं तितकंच मला दवाखान्यात घाबरवतं. नीट बसलं तर चार वर्षं सुख. कुठे गाठ आली, एक गाल जास्त भरला, तर? उतारा नाही आणि मुदत चार वर्षांची. ज्यांनी आधी एकदा कमी मुदतीचं घेऊन पाहिलंय, ज्यांच्या शरीराचा स्वभाव माहीत आहे, त्यांच्यासाठी एस किंवा एम ठीक. पहिल्यांदाच कोलॅजेनच्या वाटेला जाणाऱ्या माणसाने थेट लांब मुदतीचं घेणं म्हणजे एकदाही न राहिलेल्या घराचा चार वर्षांचा करार करणं.

चौथं नाव तुम्हाला कुणी सुचवलं नाही, सुचवलं तर ओळखता यावं म्हणून सांगते: बेलाफिल. त्यात पीएमएमए, म्हणजे ज्यापासून डोळ्यातली कृत्रिम भिंगं आणि हाडांचं सिमेंट बनवतात ते प्लास्टिक, गाईच्या कोलॅजेनमध्ये मिसळलेलं असतं. आधी कातडीवर चाचणी करून चार आठवडे थांबावं लागतं. आणि ते कण कधीच जात नाहीत. तुमचं वजन अजून इकडेतिकडे होणार, चेहरा बदलत राहणार, आणि हे मात्र तिथेच. तुमच्यासाठी नको.

कोणतं जास्त कोलॅजेन बनवतं, यावर प्रत्येक कंपनीचा प्रतिनिधी तुम्हाला वेगळा आलेख दाखवेल. एकाच चेहऱ्यांवर, वर्षानुवर्षं, समोरासमोर तुलना करणारे मोठे अभ्यास फार थोडे आहेत. तुमच्या तीन डॉक्टरांची तीन नावं यातून आली: प्रत्येकाने आपला हात ज्यावर बसलाय ते सांगितलं. यात लबाडी नाही. उलट तेच बरं. दोनशे वेळा रेडिएस दिलेल्या माणसाकडून, केवळ मी म्हटलं म्हणून, पहिल्यांदाच स्कल्प्ट्रा घेऊ नका. पण मग औषध निवडून डॉक्टर शोधण्याऐवजी तुमच्या गालांना जे हवं त्यात ज्याचा हात मुरलाय तो डॉक्टर शोधा.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच थांबले. पाच वर्षांपूर्वीचं फिलर, नाव आठवत नाही, कागद नाही. हायल्युरोनिक ॲसिड असेल तर प्रश्न मोठा नाही. पाच वर्षांत बहुतेक गेलेलं असेल, थोडं उरलंही असेल. पण ते कायमस्वरूपी काही असेल, सिलिकॉन किंवा पीएमएमए, तर त्याच्या आसपास नवे कण टोचून शरीराला पुन्हा डिवचणं म्हणजे झोपलेल्याला उठवणं. जुन्या फिलरभोवती वर्षांनंतर सूज आणि गाठी आल्याची उदाहरणं आहेत. १९०० च्या सुमारास तर लोकांच्या चेहऱ्यांत पॅराफिनचं मेण टोचायचे, आणि त्याच्या गाठी वर्षं उलटून गेल्यावर वर यायच्या. शरीर विसरत नाही.

तेव्हा पहिलं काम: त्या जुन्या ठिकाणी जाऊन नोंदी मागा. त्यांच्याकडे असायला हव्यात. नसतील तर चेहऱ्याची उच्च क्षमतेची सोनोग्राफी करून घ्या. सराव असलेल्या माणसाला त्यात हायल्युरोनिक, कॅल्शियम आणि सिलिकॉन वेगवेगळे दिसतात. तिघांपैकी कुणी हा प्रश्न विचारला का? तुमच्या पत्रात तरी तसं दिसत नाही. ज्याने विचारला नाही त्याचं नाव मी यादीतून खोडलं असतं. आणि यापुढे काहीही टोचून घेतलंत तर खोक्यावरचा बॅच नंबरचा स्टिकर मागून घ्या आणि वहीत चिकटवा. पाच वर्षांनी पुन्हा असं पत्र लिहायला लागू नये.

समारंभाचं बोलू. दोन महिन्यांत स्कल्प्ट्राने चेहरा भरणार नाही, हे सरळ सांगते. आज पहिली बैठक घेतलीत तरी निरोपाच्या दिवशी तुम्ही वाटेच्या मध्यावर असाल. रेडिएस आणि एलान्से लगेच दिसतात खरे, पण सूज, काळंनिळं पडणं, एखादी बाजू कमीजास्त, हे निवळायला दोन-तीन आठवडे हवेत. आणि पहिल्यांदाच न विरघळणारं काही घेऊन त्याची परीक्षा शंभर माणसांसमोर, कॅमेऱ्यापुढे देऊ नये. कार्यक्रम घाईला लावतो आणि घाईत माणूस जास्त भरून घेतो. चेहऱ्यात काही करायचंच असेल तर, जुनं काय आहे ते कळल्यावर, गालाच्या हाडावर थोडंसं हायल्युरोनिक ॲसिड, समारंभाच्या निदान महिनाभर आधी. आवडलं नाही तर विरघळवता येतं. नाहीच केलंत तरी काही बिघडत नाही. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काम केलेली माणसं तुमचा चेहरा ओळखतात.

वजन स्थिर झालंय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. अजून उतरत असेल तर थांबा. आज मोजून भरलेले गाल आणखी पाच किलो गेल्यावर पुन्हा कमी पडतील. आणि वजन परत चढलं तर जास्त होतील. सहा महिने काटा एका जागी राहिला की मगच कोलॅजेनचा विचार.

रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. काही ठिकाणी ‘चार दिवस थांबवा, निळं पडणार नाही’ असं बिनधास्त सांगतात. गालावरचा निळा डाग आठवड्यात जातो. हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर तसं नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, ते नको म्हणाले तर गोळी चालू ठेवूनच करायचं, जास्त निळं पडेल हे मान्य करून. टोचणाऱ्याला सुईऐवजी बोथट टोकाची कॅन्युला वापरता येईल का तेही विचारा. त्याने निळं पडणं कमी होतं. साखर होती म्हणता, तर तिचे अलीकडचे आकडे बरोबर न्या. दातांचं मोठं काम राहिलं असेल तर ते आधी उरका, मध्ये दोन आठवडे सोडा. जखमांचे व्रण जाड उठायची सवय असेल, किंवा ल्युपससारखा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार असेल, तर हा सगळा विषय बंद. शरीराला डिवचायचं औषध अशा शरीराला देत नाहीत.

आणि आता घरातलं गुपित. लाज वाटते म्हणून लपवायचं असेल तर तो तुमचा खासगी मामला, मी त्यात पडत नाही. पण एका कारणासाठी घरातल्या एका तरी माणसाला सांगा. क्वचित असं होतं की औषध चुकून रक्तवाहिनीत जातं किंवा बाहेरून दाबतं, आणि त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर-जांभळी दिसते, आणि दुखणं नेहमीच्या टोचण्यापेक्षा खूप जास्त. कपाळाच्या मध्यावर, नाकाजवळ धोका सगळ्यात मोठा. तिथून डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्या जवळ असतात, आणि नजर कायमची गेल्याचीही उदाहरणं आहेत. हायल्युरोनिक ॲसिडने असं झालं तर निदान एन्झाइम हाताशी असतं. या तिन्ही औषधांत नाही. तेव्हा वेळ फार मोलाचा. रात्री दोन वाजता डोळ्यापुढे अंधारी आली किंवा गाल पांढरा पडून ठणकायला लागला, तर ‘काय केलंस’ असं न विचारता लगेच इस्पितळात नेणारं कुणीतरी हवं. नवऱ्याला नको तर मुलीला, सुनेला, बहिणीला सांगा. आणि दवाखान्यातून निघताना डॉक्टरांचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर घ्या. नुसता रिसेप्शनचा नको.

सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, पण कोणतं? सोनोग्राफीत जुनं काही आक्षेपार्ह निघालं नाही, वजन ठरलं, आणि तुमच्या चेहऱ्याचं वर्णन तुम्ही केलंत तसंच आहे असं धरून चालते. बसलेले गाल आणि कानशिलांचे खळगे, मोठ्या भागावर सारखा भराव, घाई नाही: हे स्कल्प्ट्राचं काम. मी तुमच्या जागी असते तर निवृत्तीनंतर, हाताशी वेळ आल्यावर, एक बैठक घेतली असती. एक किंवा दोन कुप्या, त्याहून जास्त नाही. मग सहा आठवडे काहीही करायचं नाही, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला फोटो काढायचे, आणि ते जुन्या फोटोंशेजारी ठेवून दुसरी बैठक हवी का ते ठरवायचं. जबड्याची कड शेवटी. गाल भरल्यावर ती आपोआप थोडी सावरली तर रेडिएसही लागणार नाही. एलान्से आत्ता नको.

ता. क. ते पेन. सुई नसते, म्हणून सोपं वाटतं. ते दाबाने फिलर कातडीत घुसवतं. किती खोल जाईल, कुठल्या वाहिनीत शिरेल, यावर ताबा कुणाचाच नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ साली या पेनांविरुद्ध जाहीर इशारा दिला, डोळ्यांना, ओठांना, चेहऱ्याला इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर. तेव्हा खरं का, तर मिळतं हे खरं. मैत्रिणीने स्वतः वापरलं नसेल अशी आशा करते. वापरलं असेल आणि कुठे गाठ किंवा डाग असेल, तर तिला या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा.